एका व्रणाची कुळकथा

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह यांची आठवण होते. परंतु रोगांनाही इतिहास असतो आणि औषधांनाही असतो. आणि तो कित्येकदां राजांच्या इतिहासाइतकाच चमत्कारिक व त्याहून अधिक उपयोगाचा असतो. आज ज्या रोगाची हकीकत मी सांगणार आहें, तो इतका विरळा आहे कीं आपणांपैकीं बहुतेकांनीं त्याचें नांवही ऐकलें नसेल. वर्षाकाठीं लाख माणसांत एखाद्यास तो होत असावा, असा वैद्यकांतला सर्वसाधारण अंदाज आहे. मग अशा रोगाचा इतिहास ऐकण्यांत आपण आपला वेळ कां घालवावा? कारण असें कीं, रोगाला चुकीचें नांव मिळालें म्हणजे रोगी किती वर्षें चुकीच्या औषधावर झुरत राहतो, याचें इतकें स्वच्छ उदाहरण दुसरें सांपडणें कठीण. मी डॉक्टर नव्हें. मुलांना इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें असा एक मास्तर आहें. तेव्हां ही हकीकत इतिहास म्हणूनच ऐकावी. औषधाची चिठ्ठी डॉक्टरांच्याच हातची असावी.

या रोगाला पाश्चात्य वैद्यकांत लिव्हेडॉइड व्हॅस्क्युलोपथी म्हणतात. 'लिव्हेडो' हा लॅटिन शब्द निळसर-जांभळ्या डागाचा वाचक आहे. 'व्हॅस्क्युलोपथी' म्हणजे रक्तवाहिन्यांचा विकार. घोट्याभोंवतीं आणि पावलाच्या वरच्या अंगास कातडीवर प्रथम जांभळट जाळें उमटतें. मग त्यांत लाल-जांभळे ठिपके येतात, ते फुटतात, आणि लहान लहान व्रण पडतात. व्रण लहान, परंतु वेदना त्यांच्या आकाराच्या मानानें फार मोठी. पाय टेंकवत नाहीं, रात्रीं झोंप लागत नाहीं. असे व्रण महिनोन् महिने भरत नाहींत. आणि भरले म्हणजे त्या जागीं चिनी मातीच्या बशीसारखा पांढराशुभ्र, ताऱ्याच्या आकाराचा वण राहतो व त्याच्या कडेला बारीक लाल ठिपके दिसतात. पुढला उन्हाळा आला कीं पुष्कळांना पुन्हां नवे व्रण होतात. स्त्रियांना हा रोग पुरुषांच्या सुमारें तिपटीनें होतो, आणि तो बहुधा ऐन उमेदीच्या वयांत, पंधरा ते पन्नास वर्षांच्या दरम्यान.

आतां आमच्या वाशीम जिल्ह्यांतील मेडशीसारख्या गांवीं एखाद्या बाईच्या पायावर असा न भरणारा व्रण दिसला, तर लोकांच्या मनांत पहिली शंका कोणती येते? महारोगाची. विदर्भांत ही शंका जुनी आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें १९३६ सालीं मनोहरजी दिवाण यांनीं कुष्ठधाम उभारलें, तेव्हां या रोगाचा धसका एवढा होता कीं घरचीं माणसें रोग्याला दाराबाहेर काढीत. वस्तुतः महारोगाचा व्रण आणि हा व्रण यांत एक मोठा भेद आहे. महारोगांत पाय बधिर होतो, व्रण बहुधा तळव्याला पडतो आणि तो दुखत नाहीं. येथें व्रण घोट्याशीं असतो आणि तो असह्य दुखतो. शिवाय घोट्याशीं व्रण पाडणारे दुसरेही विकार आहेत. उभ्यानें काम करणाऱ्यांच्या फुगलेल्या शिरा हें एक कारण. सिकल-सेल हा रक्तविकार हें दुसरें. नागपूरकडील लोकांत हा रक्तविकार आढळतो हें १९५८ सालीं 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें, आणि आज तो विदर्भांतील एक मोठा प्रश्न होऊन बसला आहे. सारांश, व्रणाचें रूप बहुतेक एकच दिसतें, परंतु त्याचीं कुळें अनेक असतात. आणि कूळ न ओळखतां मलमपट्टी केली तर वर्षें वायां जातात.

हें कूळ ओळखतांना थोर थोर वैद्यही कसे चकले तें पाहूं.

१९२९ सालीं पॅरिस येथील गास्तों मिलियां नांवाच्या त्वचारोगतज्ज्ञानें कातडीवरच्या या पांढऱ्या वणांचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि त्यांस 'पांढरी झीज' अशा अर्थाचें फ्रेंच नांव दिलें. वर्णन अचूक होतें. परंतु कारण काय? मिलियांनें तें उपदंशाच्या पदरांत बांधलें. त्या काळांत हें स्वाभाविकच होतें. उपदंश हा तेव्हां सर्वत्र माजलेला रोग. ज्या विकाराचें मूळ कळत नसे तो उपदंशाच्या किंवा क्षयाच्या खातीं टाकण्याची वैद्यांस संवय झालेली होती. आणि उपदंश म्हटला कीं १९१० पासून प्रचारांत आलेली एर्लिकची सोमलाची सुई, पारा आणि बिस्मथ हीं औषधें ओघानेंच आलीं. नांव ठरलें कीं औषध ठरतें. आणि औषधाबरोबर रोग्याची अब्रूही ठरते. ज्या स्त्रीचा कांहींएक दोष नाहीं, तिच्या पायावरच्या वणाला उपदंशाचें नांव मिळालें म्हणजे घरांत काय होत असेल, याची कल्पना आपणांस करतां येईल.

पुढें १९५५ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिक या प्रसिद्ध संस्थेंतील फेल्डेकर, हाइन्स आणि किअरलंड या तिघां डॉक्टरांनीं जांभळें जाळें व उन्हाळ्यांत होणारे व्रण यांची सांगड घातली. उपदंशाचा डाग त्यामुळें पुसला गेला, परंतु मूळ कारण अंधारांतच राहिलें. १९६७ सालीं बार्ड आणि विंकेलमन या दोघांनीं कातडीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कांचेसारखा चकाकणारा एक थर बसलेला पाहिला. त्यांनीं या रोगाला रक्तवाहिन्यांचा दाह ठरविलें. वैद्यकांत दाह म्हणजे शरीरानें आपल्याच एखाद्या भागांत पेटविलेली आग. आणि ती आग विझविण्याचें अमोघ औषध त्या वेळीं डॉक्टरांच्या हातीं नुकतेंच आलेलें होतें. १९४८ सालीं त्याच मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच यानें कॉर्टिझोन नांवाचें द्रव्य संधिवातानें जखडलेल्या एका रोगिणीस टोंचलें आणि ती थोड्याच दिवसांत चालूं लागली. १९५० सालीं त्यास व त्याच्या दोघां सहकाऱ्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हांपासून दाह म्हटला कीं स्टेरॉइड, हें समीकरण पक्कें झालें.

परंतु या व्रणांवर तें समीकरण लागू पडेना. स्टेरॉइडानें चेहरा सुजे, साखर वाढे, हाडें ठिसूळ होत. पण पुष्कळांचे व्रण होते तेथेंच राहत. आग विझविण्याचें औषध देऊनही आग विझत नसेल, तर मुळांत ती आगच आहे काय, हा प्रश्न कोणी तरी विचारावयास हवा होता. तो विचारला गेला, पण हळूहळू. सूक्ष्मदर्शकाखालीं दाह असेल तर पांढऱ्या पेशींची झुंड दिसली पाहिजे. येथें तशी झुंड दिसेना. दिसे तें असें: कातडीच्या वरच्या थरांतील अगदीं बारीक वाहिन्या आंतून तुंबलेल्या, आणि त्यांत व त्यांच्या भिंतींत फायब्रिन सांचलेलें. म्हणजे रक्त साकळतांना जें तंतूंचें जाळें तयार होतें तें. १९९२ सालीं एका निबंधाच्या मथळ्यांतच प्रश्न घातला गेला कीं हा दाह आहे कीं गुठळीचा विकार. आणि १९९८ सालीं इटलींतील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं दाहाच्या रोग्यांत जीं द्रव्यें रक्तांत वाढतात तीं या रोग्यांत वाढत नाहींत, उलट रक्त साकळविणाऱ्या चपट्या कणांची चळवळ मात्र वाढलेली असते. तेव्हांपासून 'दाह' हा शब्द मागें पडला आणि 'वाहिनीचा विकार' हें आजचें नांव रूढ झालें.

शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर गोष्ट अशी. वाफ्यांतलें पीक करपलें. कोणी म्हणालें, आग लागली. कोणी म्हणालें, रोग पडला. प्रत्यक्ष पाहतां पाट गाळानें तुंबला होता आणि पाणीच पोंचत नव्हतें. गाळ काढावयाचा सोडून आपण राख उपसत बसलों होतों.

मग गाळ काढणारीं औषधें कोठून आलीं? या रोगासाठीं म्हणून त्यांतलें एकही निर्माण झालेलें नाहीं. सगळीं दुसऱ्यांच्या दारचीं आहेत. आणि त्यांचीं घरें पाहिलीं तर आश्चर्य वाटल्यावांचून राहत नाहीं.

पहिलें घर जळूचें. सुश्रुतानें आपल्या संहितेच्या सूत्रस्थानांत जळवांवर एक सबंध अध्याय लिहिला आहे. जळवांच्या बारा जाती, त्यांतल्या सहा विषारी व सहा निर्विष, त्या कशा पकडाव्या, कशा ठेवाव्या, कशा लावाव्या, हें सर्व त्यांत आहे. जळू सुटल्यावरही जखमेंतून रक्त बराच वेळ वाहत राहतें, हा अनुभव आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांचा आहे. त्याचें कारण १८८४ सालीं जॉन हेक्रॅफ्ट यानें शोधलें: जळूच्या तोंडांतील रसांत रक्त साकळूं न देणारें द्रव्य असतें. रक्त पातळ राखणारें द्रव्य सजीवांच्या शरीरांत असूं शकतें, ही कल्पना तेथून दृढ झाली.

दुसरें घर यकृताचें. १९१६ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जे मॅक्लीन नांवाचा वैद्यकाचा एक विद्यार्थी रक्त साकळविणारें द्रव्य शोधीत होता. कुत्र्याच्या यकृतांतून त्यास नेमकें उलट्या गुणाचें द्रव्य सांपडलें. त्याचे गुरु हॉवेल यांनीं त्याला यकृताच्या ग्रीक नांवावरून हेपरिन हें नांव दिलें. तें शुद्ध होऊन माणसांना देतां येण्यास जवळजवळ वीस वर्षें लागलीं. १९३५ च्या पुढें टोरांटो व स्टॉकहोम येथें त्याचा वापर सुरू झाला. आजही तें सुईनेंच द्यावें लागतें. आपल्या या व्रणावर हेपरिनची थोडी मात्रा उपयोगी पडते, असा पहिला अनुभव १९८३ सालीं प्रसिद्ध झाला.

तिसरें घर कुजलेल्या वैरणीचें, आणि ही हकीकत कोणत्याही कादंबरींत शोभावी अशी आहे. १९२० च्या सुमारास कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग येथें गुरें अंगांतल्या अंगांत रक्तस्राव होऊन मरूं लागलीं. शिंग कापलें, खच्ची केलें, कीं रक्त थांबत नसे. स्कोफील्ड नांवाच्या पशुवैद्यानें कारण हुडकलें: स्वीट क्लोव्हर नांवाची, आपल्या मेथीच्या कुळांतली वैरण ओली राहून तिला बुरशी लागली कीं ती खाणारीं गुरें अशीं मरत. वऱ्हाडांतल्या शेतकऱ्याला बुरसलेला कडबा गुरांपुढें टाकूं नये हें सांगावें लागत नाहीं. तिकडल्या शेतकऱ्याला मंदीच्या काळीं दुसरी वैरण परवडत नव्हती. १९३३ च्या फेब्रुवारींत हिमवादळ चालू असतां एड कार्लसन नांवाचा विस्कॉन्सिनचा शेतकरी आपल्या गाडींत मेलेली कालवड, दुधाच्या बरणींत न साकळलेलें रक्त आणि कुजलेली वैरण घालून दोनशें मैलांच्या सुमारें रस्ता तुडवीत मॅडिसन येथील विद्यापीठांत आला, आणि योगायोगानें कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारांत उभा राहिला. लिंकजवळ त्या दिवशीं देण्यासारखा उपाय नव्हता; वैरण बदला, एवढेंच तो सांगूं शकला. पण ती बरणी त्याच्या मनांतून गेली नाहीं. सहा वर्षें खपून १९३९ सालीं त्याच्या सहकाऱ्यांनीं तें द्रव्य स्फटिकरूपांत वेगळें केलें. त्याचें नांव डायकूमरॉल. त्याच कुळांतलें अधिक तीव्र द्रव्य १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें, तें वॉरफरिन. उंदराचें विष माणसाला कोण देणार? १९५१ सालीं अमेरिकन सैन्यांतील एका तरुणानें आत्महत्येसाठीं तें भरपूर खाल्लें आणि व्हिटॅमिन 'के' दिल्यावर तो सुखरूप बरा झाला. उतारा हाताशीं आहे हें दिसल्यावर डॉक्टरांचें धैर्य वाढलें. १९५४ पासून तें माणसांचें औषध झालें, आणि १९५५ सालीं हृदयविकाराचा झटका आलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही तें देण्यांत आलें.

ॲस्पिरिनचें घर तर आपल्या सर्वांच्या परिचयाचें. १८९७ पासूनची ही तापाची-डोकेदुखीची गोळी. कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स क्रेव्हन नांवाच्या साध्या डॉक्टराच्या ध्यानांत आलें कीं, टॉन्सिल काढल्यावर ॲस्पिरिन चघळणाऱ्या मुलांना अधिक रक्तस्राव होतो. १९५० च्या सुमारास त्यानें लिहिलें कीं हाच गुण हृदयाच्या रोग्यांस उपकारक होईल. त्याचें फारसें कोणीं ऐकलें नाहीं. १९७१ सालीं जॉन व्हेन यानें ॲस्पिरिनच्या कार्याचें मर्म उलगडलें, त्याबद्दल त्यास पुढें १९८२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें; आणि योगायोग असा कीं त्याच १९८२ सालीं ॲस्पिरिन व डिपिरिडॅमॉल यांची जोडगोळी या व्रणावर गुणकारी ठरल्याचें प्रसिद्ध झालें. १९८८ सालीं तांबड्या पेशींना लवचीक करणारें पेंटॉक्सिफायलीन, आणि १९९२ सालीं गुठळी विरघळविणारें द्रव्य, अशीं औषधें एकामागून एक वापरून पाहण्यांत आलीं. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ग्रंथांतलें 'दाह' हें नांव कायम असतांना रोग्याच्या खाटेशेजारीं उभे असलेले कांहीं डॉक्टर रक्त पातळ करणारें औषध देऊं लागले होते. ग्रंथापेक्षां त्यांनीं रोग्याच्या पायावर अधिक विश्वास ठेवला. नांव मागाहून सुधारलें.

आतां आपण पुन्हां आपल्या शिवारांत येऊं. कपाशीच्या रानांत, धुऱ्यावर, सोंगणीच्या दिवसांत ज्याचें भय वाटतें तो घोणस सर्प, ज्याला कोणी परडही म्हणतात, या कथेंत फार महत्त्वाचा आहे. पाश्चात्य शास्त्रांत त्याला पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याचें नांव आहे. भारतीय सर्पांवरचा त्याचा ग्रंथ १७९६ सालीं निघाला. घोणसाच्या विषांतील एक घटक रक्तांतल्या दहाव्या क्रमांकाच्या घटकाला एकदम पेटवितो. रक्त साकळण्याची क्रिया ही एका घटकानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास जागें करावें अशी सांखळी आहे. दहावा घटक हा त्या सांखळींतला नाक्यावरचा चौकीदार. तो उठला कीं पुढें फायब्रिनचें जाळें विणलें जातें. दंश झाल्यावर सर्व शरीरभर हें एकाच वेळीं घडतें, साकळण्याची सारी सामग्री त्यांत संपून जातें, आणि मग रक्त साकळेनासें होतें. म्हणूनच खेड्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्पदंशाच्या रोग्याचें थोडें रक्त स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत घेऊन वीस मिनिटें न हलवितां ठेवतात, आणि मग नळी कलती करून पाहतात. रक्त पाण्यासारखें वाहिलें तर विष भिनलें असें समजावें. त्यावरील प्रतिविष मुंबईस परळ येथें, गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानांत, घोड्यांच्या रक्तापासून तयार होऊं लागलें. प्लेगची लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं तेथें गेली, आणि १९२५ पासून ती संस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

१९३४ सालीं लंडनमध्यें मॅकफार्लेन आणि बार्नेट या दोघांनीं हेंच विष दहा हजारांत एक इतकें विरल करून, ज्याचें रक्त जन्मतःच साकळत नाहीं अशा रोग्याच्या जखमेवर लावलें, आणि रक्त थांबलें. याच मॅकफार्लेननें १९६४ सालीं रक्त साकळण्याच्या सांखळीची संपूर्ण उपपत्ति मांडली. पुढें १९८६ सालीं घोणसाच्या विरल विषाची एक रक्ततपासणी निघाली. कांहीं लोकांच्या शरीरांत अशीं प्रतिद्रव्यें असतात कीं त्यांमुळें नळींत रक्त उशिरां साकळतें, पण शरीरांत मात्र गुठळ्या होतात. १९८३ सालीं लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनीं हा विकार वेगळा ओळखला. आपण ज्या व्रणाविषयीं बोलत आहों, त्याच्या कांहीं रोग्यांत हीच प्रतिद्रव्यें आढळतात. आणि म्हणून ज्या घोणसाच्या भयानें शेतकरी जीव मुठींत धरून कापूस वेंचतो, त्याचेंच विष शहरांतल्या प्रयोगशाळेंत या व्रणाचें कूळ सांगण्यास साह्य करितें.

घोणस ज्या दहाव्या घटकाला पेटवितो, त्याच घटकाला आवरून धरणारें औषध म्हणजे रिव्हरॉक्साबॅन. तें २००८ सालीं युरोपांत व कॅनडांत प्रथम प्रचारांत आलें. तें गोळीच्या रूपांत मिळतें, आणि वॉरफरिनप्रमाणें वारंवार रक्त तपासून मात्रा बदलावी लागत नाहीं. जर्मनींतील डॉक्टरांनीं तें या रोगावर पद्धतशीर वापरून पाहिलें आणि २०१६ सालीं निष्कर्ष 'लॅन्सेट' परिवाराच्या रक्तरोगविषयक नियतकालिकांत छापला. प्रयोगांत २५ रोगी घेतले होते. वेदनेचें माप शंभरांपैकीं मांडलें असतां औषधापूर्वीं तें मध्यमानानें ६५ होतें. बारा आठवड्यांनीं तें ६ वर आलें. जो रोगी रात्र रात्र पाय धरून बसत होता, त्याच्या दृष्टीनें या दोन आंकड्यांत केवढें अंतर आहे! परंतु शास्त्राच्या दृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं रोगी थोडे होते, आणि औषध न घेणाऱ्यांचा दुसरा गट तुलनेसाठीं नव्हता. विरळ्या रोगाचें दुर्दैव हेंच कीं हजार रोगी एकत्र मिळत नाहींत, आणि ठाम पुरावा गोळा होण्यास पिढी जाते. २०१८ सालीं तोंवरच्या अनुभवांचा आढावा निघाला, त्यांतही रक्त साकळूं न देणारीं औषधेंच अग्रभागीं दिसलीं. तीं लागू पडलीं नाहींत तर हजारों दात्यांच्या रक्तद्रवापासून केलेलीं प्रतिद्रव्यें शिरेंतून देण्याचा उपाय आहे; तो फार महाग आहे.

या कथेचा एक धागा पुण्यासही जातो. होमोसिस्टीन नांवाचें द्रव्य रक्तांत वाढलें कीं गुठळी होण्याचा संभव वाढतो; आणि तें वाढण्याचें एक साधें कारण म्हणजे बी-१२ या व्हिटॅमिनची उणीव. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं खेड्यांतले, झोपडपट्टींतले आणि शहरी मध्यमवर्गांतले मिळून ४४१ पुरुष तपासले. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत सुमारें दोन-तृतीयांशांत बी-१२ कमी होतें, आणि निम्म्याहून अधिकांत होमोसिस्टीन वाढलेलें होतें. शाकाहारी घरांना हें विशेष लागू आहे. त्याच वर्षीं जर्मन डॉक्टरांनीं लिहिलें कीं या व्रणाच्या रोग्यांत होमोसिस्टीन वाढलेलें असेल तर व्हिटॅमिनांच्या साध्या गोळ्यांचाही उपयोग होतो. अर्थात् बी-१२ कमी असणाऱ्या सर्वांना हा व्रण होतो असें मुळींच नाहीं. परंतु ज्याला व्रण आहे त्याच्या रक्ताची ही तपासणी राहून जाऊं नये, एवढें महाराष्ट्रांत तरी आवर्जून सांगितलें पाहिजे.

शेवटीं सावधगिरीचे दोन शब्द. जें औषध रक्त साकळूं देत नाहीं तें रक्तस्रावही घडवूं शकतें. उंदराच्या विषाचें मूळ आपण पाहिलेंच. वॉरफरिन घेणाऱ्यानें ठरल्या वेळीं रक्त तपासून घ्यावें, आणि मेथी-पालकासारख्या पालेभाज्या एक दिवस पोटभर व दुसऱ्या दिवशीं मुळींच नाहीं असें करूं नये. कारण त्यांतलें व्हिटॅमिन 'के' औषधाच्या विरुद्ध काम करितें. ज्यांच्या रक्तांत 'प्रोटीन सी' नांवाचा रक्षक घटक जन्मतः कमी असतो, त्यांच्यांत वॉरफरिन एकदम सुरू केल्यास कातडीच मरूं लागते. म्हणून आरंभीं हेपरिनचें पांघरूण देतात. हे रोगी बहुशः तरुण स्त्रिया असतात. वॉरफरिन गर्भाला अपायकारक आहे; रिव्हरॉक्साबॅनही गरोदरपणांत देत नाहींत, आणि त्यानें मासिक स्राव वाढूं शकतो; हेपरिन मात्र वारेपलीकडे गर्भापर्यंत जात नाहीं. तेव्हां शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी आपण घेणें हा सरळ जिवाशीं खेळ आहे. तंबाखू व विडी-सिगारेट सोडणें हा मात्र बिनपैशाचा आणि सर्वांना लागू पडणारा उपाय आहे.

श्रोतेहो, हा रोग मुळापासून नाहींसा करणारें औषध अद्याप नाहीं. आहे तें एवढेंच कीं, वेदना आवरतां येते, व्रण भरतात, आणि पुढल्या उन्हाळ्यांत ते पुन्हां उघडूं नयेत यासाठीं प्रयत्न करतां येतो. मिलियांपासून आजवर जवळजवळ शंभर वर्षांत या व्रणाचीं तीन नांवें झालीं: उपदंश, दाह आणि गुठळी. पहिल्या नांवानें रोग्याची अब्रू गेली, दुसऱ्यानें कित्येकांचीं हाडें ठिसूळ झालीं, तिसऱ्यानें पाय टेंकतां येऊं लागला. आपल्या घरीं किंवा शेजारीं कोणा बाईच्या घोट्याशीं दुखणारा, न भरणारा व्रण असेल, तर त्याला महारोग म्हणण्यापूर्वीं, किंवा कोणी सांगितलें म्हणून वर्षभर मलम चोळण्यापूर्वीं, तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. कातडीचा तुकडा आणि रक्त तपासण्याविषयीं विचारा. व्रणाचें कूळ विचारण्याचा अधिकार रोग्याला आहे, आणि तें विचारण्याची संवय लावणें हें घरांतल्या शिकलेल्या माणसांचें काम आहे.